मी तळाखालची नळी बोलतेय

"काढा ती नळी. आजच्या आज काढा, न्हाईतर माझं इंजिन परत द्या," हनुमान तिसऱ्यांदा म्हणाला.

"नळीला कावून हात लावायचा? चूक तुझी हाय," पौर्णिमा म्हणाली.

"माझी? मी गाडी चालवत होतो का झोपलो होतो?"

"तेच इचारतेय."

ज्या नळीवरून हे चाललंय ती मी. चौसाळ्याला हायवेवर चतुराबाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं एक बुटकी रेसिंग गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलीय, आणि तिच्या पोटाखाली मी अडकलेय. मागच्या चाकांजवळ उघडणाऱ्या माझ्या तोंडांतून मला फक्त पावलं दिसतात. हनुमानचे बूट, त्यांना रानातली काळी माती. पौर्णिमाच्या चपला, एका जागी न ठरणाऱ्या. आणि चतुराबाईंच्या जाड वहाणा, अजून न हललेल्या. शेजारी ग्राइंडर आहे, त्याची पिन बोर्डात लावलेली. मी राहणार की कापली जाणार हे या तिघांच्या हातात आहे. मला तोंडं दोन, पण या भांडणात एक शब्द बोलायची सोय नाही. तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म कुठं झाला ते मला आठवत नाही, आणि स्वतःचा जन्म आठवतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. आठवतं ते पाटोद्याचं दूध थंड करायचं केंद्र. मी तिथली स्टीलची नळी. दिवस उजाडता दूध यायचं, माझ्यातून गार होऊन जायचं, मग मला उकळत्या पाण्यानं धुवायचे. सुखाची नोकरी होती. केंद्र बंद पडलं आणि मी भंगाराच्या ढिगावर गेले. सहा वर्षं. तिथं येणारा माणूस मला उचलायचा, दगडावर वाजवायचा आणि परत फेकायचा. वाजवून त्यांना काय कळायचं, त्यांनाच ठाऊक.

चतुराबाईंनी वाजवलं नाही. पदराच्या गाठीतून लोहचुंबक काढला, मला लावला. तो चिकटला नाही, म्हणजे न गंजणारं चांगलं स्टील, तशी म्हणाल्या, "हीच."

बाई तिसरी शिकलेली. तरुणपणी साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्यांना डबे पोचवायची. डबे रिकामे होईस्तोवर कामावर असलेल्यांचे हात बघत उभी राहायची. त्यातून हुनर आलं. आज स्टीलच्या नाजूक जोडांना, आर्गन वेल्डिंगला, बीडहून लोक इथं येतात, तरी नवा माणूस दारात उभा राहून विचारतोच, "मिस्त्री कुठं गेले?" बाई तोंडापुढची काच वर करते आणि म्हणते, "बोल."

पौर्णिमा तिची नात, इंजिनिअरिंगला. कॉलेजातल्या पोरांनी स्पर्धेसाठी गाडी बांधायला घेतली. इंजिन त्यांच्यातल्या हनुमाननं स्वतःच्या मोटारसायकलचं काढून दिलं. आखणी पौर्णिमाची. तिनं आजीला समजावलं, "गाडीचा तळ मागं वर चढवत नेलाय. त्याच्याखालून वारा जोरात पळाला की तिथला दाब कमी होतो, मग वरची हवा गाडीला खाली दाबती. गाडी रस्ता सोडत न्हाई. इंजिनचा धूर उगाच वाया जातो, तो तिथंच सोडला तर खालचा वारा अजून जोरात पळंल."

चतुराबाईंनी छताकडं बघितलं. "मागं वावटळीत आपले पत्रे उडाले, तवा वारा वरून पळत होता अन् पत्रे वर वढले गेले. हे त्याच्या उलटं."

"तसंच, आजी."

"मग पुस्तक कावून दाखवतीस? नळी धर."

माझ्या पोटात वाळू ठासली, दोन्ही टोकं बंद केली, तापवलं आणि वाकवलं. इंजिनापासून मागं नेऊन दोन फाटे फोडले, एकेका मागच्या चाकाजवळ तळाखाली उघडणारे. सांगाड्याला तीन जागी जोडलं. खालून तळाचा पत्रा कसला. उजेड गेला. आता मला कापल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

तिथलं राहणं सांगते. इंजिन सुरू झालं की आत आग. अंग ताणायला जागा नाही, वर इंजिन, खाली पत्रा, भोवती उष्णता अडवायचं कापड गुंडाळलेलं. गार दुधाची आठवण यायची. पण खोटं कशाला बोलू, गर्वही होता. चालवणाऱ्यानं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की माझी फुंकर सुटायची आणि आख्खी गाडी जमिनीकडं खेचली जायची. करंगळीएवढीच, पण मला कळायचं. एवढी माणसं, एवढे नट, आणि धरून ठेवणारी मी.

त्यात एक मेख होती. पाय दाबलेला असेल तोवरच फुंकर. पाय काढला की फुंकर गेली, आणि पकडही गेली. पौर्णिमानं हनुमानला सांगितलं होतं, वळणावर पाय काढायचा न्हाई. त्यानं मान हलवली. पण माणसाचा पाय लहानपणापासून वळण दिसलं की उचलायला शिकलेला. रस्त्यावर ते शहाणपणच आहे.

नवा हायवे झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा तसाच पडून राहिलाय, त्याला एक वळण आहे. आज सकाळी गाडी तिथं नेली. दोन फेऱ्या दमानं झाल्या. तिसरीला हनुमाननं जोर लावला. वळण आलं आणि माझी फुंकर बंद झाली. उरलेलं पेट्रोल माझ्यात पेटून फट् झालं. त्याच्यानंतर मागची चाकं सुटली. गाडी गोल फिरून कापसात घुसली. हनुमान खांदा धरत बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला, "मी पाय काढला नव्हता. नळीनं दगा दिला."

खरं काय ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण साक्ष कुठं द्यायची? माझ्यावर आळ, आणि मी पत्र्यामागं.

"पाय न्हाई काढला मी," तो आताही म्हणतोय. "आईशप्पथ."

"आईला मधी आणू नको, तिला घरी कामं हायत." चतुराबाई पहिल्यांदा बोलल्या. "मी वळणावर उभी होते. डोळे अधू हायत माझे, निम्मं वेल्डिंग मी कानानं करते. आधी इंजिनाचा आवाज बसला. मग फट् झालं. मग टायर वरडले. आता तू सांग बाबा, पाय न काढता आवाज आधी कसा काय बसला?"

बूट मागं सरकले आणि भिंतीला टेकले. पुढं आजी, बाजूला पौर्णिमा. मला राग यायला हवा होता, पण अडकल्यावर कसं वाटतं ते मला कुणी सांगायला नको.

"भ्यालो," हनुमान म्हणाला. "समोर रान आलं अन् पाय उचललाच गेला. मी उचलला न्हाई."

"झालं मग," पौर्णिमा म्हणाली. "नळीत खोट न्हाई. गाडी मी चालवते. मी न्हाई पाय काढायची."

मी निर्दोष सुटले. तळाखाली का होईना, राहिले, असं वाटलं.

"तू न्हाई काढायची?" आजीनं विचारलं.

"न्हाई."

"शेरडू आडवं आलं तर?"

पौर्णिमाच्या चपला थांबल्या.

"इचारतेय मी. डोळ्यात माती गेली तर? टायर फुटला तर? तवा पाय कुणाचं ऐकल?"

"आजी, नळीची तोंडं तळाखालून काढून वर घेतली तर गाडीला खाली दाबणारा जोर निम्मा होईल. आमी कुणालाच हरवू शकणार न्हाई."

आता वहाणा हलल्या. ग्राइंडरच्या दिशेनं. ऐकणाऱ्यांनो, माझी ताकद कुणाच्या तरी न भिण्यावर टांगलेली होती, हे मला इतके दिवस कळलं नाही. कापायचं तर कापा. फक्त ढिगावर नेऊ नका. वर, उघड्यावर बसवा, तिथून जेवढी फुंकर देता येईल तेवढी देईन.

पौर्णिमा आडवी आली. "माझी आखणी बरोबर होती का न्हाई, तेवढं सांग."

"बरोबर होती," चतुराबाई म्हणाल्या. "पण ज्या गाडीत भ्यायला जागा न्हाई, तिच्यात मी कुणाचंच लेकरू बसू द्यायची न्हाई."