काकांच्या पटावरचं शिसं

मी काळा हत्ती बोलतोय. खरं तर हत्ती नव्हेच मी. जाळं बुडावं म्हणून त्याला खाली बांधतात ना, ते शिसं. रेवदंड्याच्या रामचंद्र तांडेलांच्या बुद्धिबळाच्या पटावरचा लाकडी हत्ती हरवला, तेव्हा त्यांनी जुन्या जाळ्यातून मला कापून काढलं नि मागच्या रांगेत उभं केलं.

तिथे मी सुखात होतो. पाण्याखालचा तो गच्च काळोख पुन्हा नको, एवढंच मागणं. साधी भरतीची गाज ऐकली तरी अजून दचकतो.

रामचंद्रकाका आणि त्यांचा पुतण्या दिपेश, दोघंही अलिबागच्या क्लबात रविवारी खेळणारे. घरातला कुठलाही तंटा ते पटावरच मिटवत. काल दुपारी बंदरावर धोक्याचा बावटा चढला, तरी दिपेश बोट काढायचं म्हणत होता.

"बस समोर," काका म्हणाले. "मी जिंकलो तर बोट हलायची न्हाय."

"आणि मी जिंकलो तर तोंड पाडायचं न्हाय, काका!"

दिपेशची बायको कल्पिता चहा ठेवून दाराशीच थांबली. "काका, यांना जिंकू देऊ नका हां."

काकांचा डाव वरचढ होता. कल्पिताचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात वाऱ्याने पडवीचा पत्रा धाडकन वाजला. काकांनी बाहेर पाहिलं, आणि हात जन्माच्या सवयीने पुढे गेला. जाळं टाकण्यापूर्वी शिसं उचलून तळव्यावर तोलतात, तसं मला उचललं.

"हात लावलात. चालवा आता."

"अरे, मी नुसतं..."

"लहानपणी याच नियमावरून मला रडवलंत ना?"

हात लागला तो मोहरा हलवायचाच. मला एकच घर मोकळं होतं. तिथे सरकलो आणि आमच्या राजाची बाजू उघडी पडली. थोड्याच चालींत राजा कोंडला गेला. कल्पिता कप न उचलताच आत गेली.

"आणखी एक डाव मांड," काका मोहरे गोळा करत म्हणाले.

"आल्यावर मांडू." दिपेशने मला खिशात टाकलं. "जाळ्याला एक शिसं कमी पडतंय, हे नेतो."

आता मी बोटीत आहे, जाळ्याला घट्ट बांधलेला. धक्का मागे पडलाय. इंजिन मधेच खोकतंय. लाट आदळली की दिपेश हसतो, पण बसलाय बावट्याकडे पाठ करून. घरी काका माझ्या रिकाम्या घराकडे बघत बसले असतील.

दिपेश, बाळा, अजून किनारा दिसतोय. बोट वळव. मला पुन्हा काकांच्या मागच्या रांगेत ठेव. पाण्यात मला एकच वाट ठाऊक आहे, आणि ती वर येत नाही.