हुकमाची एकच जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपड्राइव्ह आहे. माझ्यावर गाणं कधी वाजलं नाही. कपाटाएवढं माझं अंग, काचेच्या दारामागे दोन मोठी रिळं आणि एका रिळावरून दुसऱ्यावर सरकणारी तपकिरी फीत. संगणकानं सांगितलेलं मी त्या फितीवर लिहून ठेवायचो. कडेगावकडच्या एका साखर कारखान्यातला सगळा ऊस माझ्या फितीवर होता : कुणाचा, कुठल्या शिवारातला, तोडणीला कधी येणारा.

मी परदेशात घडलो, बोटीनं मुंबईला आलो आणि ट्रकमधून खंबाटकीचा घाट चढून इकडे पोचलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. असं यंत्र या भागात कुणी पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे नारळ फुटला, हार पडले. लोक लांबून येत आणि काचेला नाक लावून रिळं फिरताना बघत.

मला हुकूम देणारा प्रोग्रॅम ताहेरानं लिहिला होता. ती सांगलीतल्या एका भांडीवाल्याची मुलगी. गणितात पदवी घेऊन पुण्यात संगणकाचं काम शिकून आली होती.

माझी एक अडचण मात्र तुम्हांला सांगायला हवी. संगणकात माझ्यासाठी हुकूम ठेवायची जागा एकच होती. 'लिही' हा हुकूम तिथे ठेवला की मी लिहायचो. लिहिताना काही बिघडलं, तर मी नुसतं 'चूक' एवढंच कळवायचो. मग प्रोग्रॅम त्याच जागेवर दुसरा हुकूम ठेवायचा, 'काय चुकलं ते सांग', आणि मी सांगायचो. एरवी चूक क्वचितच व्हायची, म्हणून त्या जागेकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मग फेब्रुवारीतला तो दिवस आला. वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या, ठिणग्या पडल्या आणि ओढ्याकाठचा ऊस पेटला. जळका ऊस लगेच तोडून गाळावा लागतो. उशीर झाला की रस आंबतो आणि वर्षाचं पीक वाया जातं. म्हणून जळालेल्या शेतांपुढे 'आधी तोडा' अशी नोंद त्याच दुपारी माझ्यावर लिहायची होती. तिच्यावरून उद्याचा तोडणीचा क्रम छापून निघणार होता आणि शेती अधिकारी दादासो तो जीपमधून टोळ्यांच्या मुकादमांकडे नेणार होते.

जळालेल्या शेतांतलं एक रंगुबाईंचं होतं; त्या दारातच उभ्या होत्या. मुलगा फौजेत, शेत त्याच बघत. लुगड्यावर राख तशीच होती.

"पोरी, माजा ऊस घातलास का त्यात?"

"घालतेय, मावशी."

"आन् शेजारच्या तात्याबांचा? आवं, माजा ऊस इजवाया ते धावलं, आन् त्यांचंच हात भाजलं. मिरजंला दवाखान्यात हायेत. त्यांच्यामागं बोलणारं कुणी न्हाई."

"त्यांचाही घालते."

दार सारखं उघडत होतं. बाहेर जळक्या पाचोळ्याची काळी राख उडत होती. ती आत आली आणि माझ्या फितीवर बसली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं.

नोंदी सुरू झाल्या. मधेच फितीवर राखेचा कण आडवा आला. मी 'चूक' म्हणालो. प्रोग्रॅमनं विचारलं, 'काय चुकलं?' मी सांगितलं. आता त्यानं मला पुन्हा 'लिही' म्हणायला हवं होतं. पण प्रश्न ठेवताना मूळ हुकूम पुसला गेला होता! प्रोग्रॅमनं जागेवर जे होतं तेच पुन्हा दिलं, म्हणजे पुन्हा प्रश्नच. मी पुन्हा उत्तर दिलं. उत्तर नीट मिळालं, म्हणून त्यानं ती नोंद झाली असं समजून पुढची घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच घडलं. फितीवर त्या नोंदी नाहीत, हे एकट्या मला ठाऊक होतं.

शेवटी संगणकाला जोडलेला टाइपरायटर खडखडला : काम पूर्ण.

"चला, छापून काढा," दादासो म्हणाले.

ताहेरा हलली नाही. तिचा हात माझ्या दारावर होता. "दादासो, थांबा. मघाशी चूक आली, तेव्हा पुन्हा लिहायला रीळ मागं यायला हवं होतं. ते जागचं हललं नाही. तरी प्रोग्रॅम काम झालं म्हणतोय."

"कुणाची नोंद व्हती?"

"रंगुबाईंची. तेव्हा त्यांचीच चालू होती."

"मग त्यांची चिठ्ठी मी हातानं लिवून देतो. टोळ्या खोळंबल्यात, ताई. अंधार पडला की मुकादम गावायचं न्हाईत."

"ही माझ्या कानाला कळली. आधी कुणाची गेली असेल, तर?"

दादासो दारापर्यंत जाऊन परत फिरले. बाहेर जीपचा चालक हॉर्न वाजवू लागला. ताहेरानं प्रोग्रॅमचे कागद जमिनीवर पसरले आणि ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. एका ठिकाणी बोट थांबलं. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, चूक माझी आहे. प्रश्न विचारायच्या आधी तुमचं काम मी जपून बाजूला ठेवायला हवं होतं."

"मग आता नीट कर," रंगुबाई खाली बसत म्हणाल्या. "मी हितंच हाय."

प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडून लिहिलेला असायचा; ताहेरानं नवी कार्डं छिद्रून घेतली. प्रश्न विचारण्याआधी मूळ हुकूम वेगळ्या जागी ठेवायचा, उत्तर मिळालं की तो जसाच्या तसा परत आणायचा, आणि कुणाच्या नोंदीला अडलं ते नाव छापायचं. दार बंद करून तिनं सगळ्या नोंदी पहिल्यापासून सुरू केल्या.

फितीवरची राख तशीच होती. मी कण येण्याची वाट बघत फिरत होतो. आला! मी 'चूक' म्हणालो, प्रश्न आला, उत्तर दिलं. आणि मग तोच मूळ हुकूम परत आला : लिही. मी झटक्यात मागे आलो, खराब जागा ओलांडली आणि नोंद लिहिली. टाइपरायटरवर नाव उमटलं.

"तात्याबा," ताहेरानं वाचलं. "मघाशी हीसुद्धा गेली होती."

दादासोंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पुढे रंगुबाईंच्या नोंदीलाही मी तसाच मागे आलो. उजेड असतानाच जीप निघाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेतांत कोयते लागले.

पुढे माझ्याहून लहान, चपळ यंत्रं आली. मला लोणंदच्या एका गोदामात हलवलं. कुणी फीत बदलत नाही, कुणी धूळ पुसत नाही. त्याचा राग नाही. पण कापसाचा एक बोळा फिरवायला कुणी आलं, तर बरं वाटेल.

मित्रांनो, काम करताना काही अडलं, तर काय चुकलं ते जरूर विचारा. पण त्याआधी हातातलं काम नीट जपून ठेवा, आणि उत्तर मिळालं की त्याच्याकडे परत या. ज्याचं ते काम आहे, तो माणूस आठवण करून द्यायला दारात उभा असेलच असं नाही.