शिसं ओतणारी पळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पळी आहे. आमटीची नव्हे हो, शिसं ओतायची! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अँटन बाउमगार्टने मला घडवलं. वितळलेलं शिसं मी साच्यात ओतायचे आणि त्याच्या रायफलीच्या गोळ्या व्हायच्या. त्याने नेमबाजीचं मैदान मारलं की कौतुक रायफलीचं. माझं नाव कोण घेतो!

मग घरात शिसं वितळवून तळाच्या तोटीने ओतणारी विजेची भट्टी आली आणि माझी रवानगी खुराड्यात झाली. कोंबड्यांना दाणे घालायला! पुढे अँटन वारला. त्याची बायको हेडविग त्याची रायफल चालवू लागली, पण तिच्या गोळ्या निशाणाच्या कागदभर विखुरायच्या.

"वहिनी, रायफल मला द्या," दीर लिओपोल्ड म्हणाला. "तुम्ही आपलं बटाट्याचं सॅलड करा. झकास करता."

"यंदाच्या सामन्यात हरवा मला भाऊजी, आणि खुशाल न्या!"

बोलून तर बसली. आता नवऱ्याची आठवण पणाला लागली.

मैदानावर सगळे गोळ्या टेबलावर उभ्या मांडतात. टोकं चकचकीत दिसतात, बूड झाकलेलं. हेडविगने घरी एक गोळी उलटी करून पाहिली. बुडाचा काठ एका बाजूला बसका, अर्धवट भरलेला! गोळी नळीतून सुटते तेव्हा मागचा स्फोटाचा वायू असल्या बसक्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलंडवतो. तोटीच्या बारीक धारेने साचा नीट भरतच नव्हता.

तिने मला खुराड्यातून आणलं, घासलं, कोरडं केलं, तापवलं. मी हात आखडला नाही. साच्याच्या तोंडावर थोडं जास्तच शिसं राहू दिलं. निवताना गोळी आकसते, तेव्हा ते ओढून घेते. काठ कसे निघाले, कोरल्यासारखे!

सामन्यात तिने गोळ्या उलट्या मांडल्या, बूड वर.

"वहिनी, चष्मा घरी राहिला वाटतं!"

"अँटनच्या जुन्या पळीने ओतल्यात या. तुमच्या गोळ्यांना बूड दाखवायची लाज वाटते का भाऊजी?"

लिओपोल्डची कागदावरची भोकं बशीत मावली असती. हेडविगची कपाच्या बुडाखाली झाकली गेली! मैदान टाळ्यांनी दणाणलं.

लिओपोल्डने टोपी काढली. "जिंकलात. ती पळी तेवढी आठवडाभर..."

"पळीला हात लावाल तर खबरदार! शिकायचं तर घरी या."

मित्रांनो, पळी पुसून कोरडी ठेवा. ओली पळी तापल्या शिशात बुडवली की ते उसळून अंगावर येतं. आमची आबाळ आम्ही मुकाट सोसत नाही!

त्या दिवशी रायफल कपाटात गेली. मला मात्र बैठकीत, अँटनच्या फोटोशेजारी जागा मिळाली.