कॉलरवालीची तहान

"आली! तिसऱ्या रांगेत आली!"

साठ मशिनींचा खडखडाट एकदम थांबला. तिसऱ्या रांगेतली बटणवाली स्टुलावरून घसरून फरशीवर आडवी झाली होती. डोळे अर्धवट मिटलेले, हातपाय गार. बायका भोवती जमल्या, पण हात लावायला कुणी धजेना. पडलेलीला हात लावला की ती आपल्यालाही धरते, असं आता सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ती म्हणजे कॉलरवाली. गेल्या उन्हाळ्यात ती अशीच कॉलर शिवता शिवता कोसळली आणि चौथ्या दिवशी गेली. तेव्हापासून पत्र्याच्या छपराखालच्या त्या शिवणखात्यात दर आठवड्याला कुणी ना कुणी पडत होतं. मालकानं पंखे वाढवले नाहीत; बुवा आणला. दर सोमवारी दुपारी बुवा यायचा, मुकादमाच्या खुर्चीत बसायचा आणि कुणी पडायची वाट बघायचा. फार वेळ बघावी लागत नसे.

"सरका! वारा येऊ द्या!" बुवा उठला. "बोल! कोण तू? कुठली? कधी मेलीस? कशानं मेलीस? काय मागतेस?" जणू अर्जच भरून घेत होता.

बटणवालीचे ओठ हलले. "पाणी..."

"ऐकलंत?" बुवानं दोन्ही हात वर केले. "तहानलेली मेली, तहानलेलीच फिरतेय! उघडा, सगळी दारं उघडा! जायला वाट द्या तिला!"

मुकादम धावला. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, कोपऱ्यातल्या बायकांच्या संडासाचं कुलूपसुद्धा त्यानं काढलं. न जाणो, भूत त्या वाटेनं जायचं म्हणेल. बुवानं पितळी तांब्यातलं मंतरलेलं पाणी बटणवालीच्या तोंडी लावलं. एक पेला, दुसरा पेला. थोड्या वेळानं ती उठून बसली, केस सारखे केले आणि विचारलं, "काय झालं? कशाला जमलात सगळ्या?"

खात्यात हुंकार उठला. मुकादमानं टोपी काढून छातीशी धरली.

आक्का मात्र आपल्या मशिनीपाशीच उभी राहिली. बावीस वर्षं तिनं तिथं कॉलरी शिवल्या होत्या. कामावर नवी पोर आली की पहिले आठ दिवस आक्काच्या डाव्या हाताला बसायची, हा रिवाजच होता. कॉलरवालीही तिथंच बसली होती. सुईत दोरा ओवताना तिचा दोरा ओला होत नसे. जीभ फिरवून फिरवून ती कंटाळायची आणि हसून म्हणायची, "आक्का, माझ्या तोंडात थेंब नाही, तुम्हीच करून द्या ना." आता भर दुपारी मशिनी थांबल्या की आक्काला डाव्या बाजूला कुणीतरी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवतंय असं वाटायचं. ती मान वळवत नसे.

त्या सोमवारी बुवा जाता जाता थांबला. त्यानं बोट रोखलं ते आक्काच्या भाचीवर. ती पोर पंधरवड्यात तीनदा पडली होती. अंगात ताप, हुडहुडी, आणि हात सारखा पाठीवर.

"हिच्यात घर केलंय तिनं. म्हणून माझं पाणी हिला लागू पडत नाही. उद्या सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हिला माल ठेवायच्या कोठीत बसवा. पाण्याचा थेंब द्यायचा नाही. जीव कासावीस झाला की निघेल आपोआप."

"मावशी, मला नको गं," पोर म्हणाली.

"नको असेल तर परवापासून कामाला येऊ नको," मुकादम म्हणाला. "एकीपायी साठ जणींना भोगायला लावायचं का?"

एका दिवसाचा तर प्रश्न, असं आक्कानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं स्वतःच्या हातानं भाचीला कोठीत बसवलं आणि मुकादमानं बाहेरून कडी घातली.

त्याच सकाळी चहाच्या सुटीत डॉक्टरबाई येऊन आक्काच्या उजव्या हाताला पायरीवर बसल्या. बायकांच्या आजारपणाचा अभ्यास करायला त्या आठ दिवस फॉर्म घेऊन फिरत होत्या. बायका त्यांना मागून 'फॉर्मवाली' म्हणत.

"आक्का, माझं डोकं चालेनासं झालंय. छप्पर तेच, उकाडा तोच. अकरा कटिंगवाले पुरुष आहेत, त्यातला एकही कधी पडला नाही. असं का?"

"भुताला बाप्ये आवडत नाहीत, बाई," शेजारून एक कटिंगवाला हसला.

"घरी बायकोचंही तेच मत असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, तसा तो चहा घेऊन पलीकडे गेला.

त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेतला. "मी विचारलं होतं, पाणी पुरेसं पिता का? साठही जणींनी सांगितलंय, हवं तेव्हा पितो."

"पितोच की हवं तेव्हा."

डॉक्टरबाईंनी आपलाच प्रश्न खोडला. "माझं विचारणंच चुकलं. असं करू. समजा, उद्यापासून मी तुमच्या डाव्या हाताला बसणार आहे. नवी आहे, काही येत नाही. पहिल्या दिवशी मला काय शिकवाल?"

आक्काला बरं वाटलं. कामाबद्दल तिला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "पहिलं म्हणजे पाठ सरळ. दुसरं, बोट सुईपासून लांब. तिसरं, सकाळी निघताना घोटभर चहा, बस. इथं आल्यावर पाणी प्यायचं नाही. फार वाटलं तर चूळ भरायची, ओठ ओले करायचे, पण गिळायचं नाही. तीन-चार दिवस जड जातं, मग तहान लागायचीच थांबते. हवीशीच वाटत नाही."

"आणि गिळलं तर?"

"मग जावं लागतं ना! किल्ली मुकादमाकडे. मागितली की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, 'परत?' मग कटिंगवाल्यांच्या टेबलांमधून जायचं. ते आपसांत काहीतरी बोलतात, हसतात. चांगल्या वळणाची बाई कशाला मागेल किल्ली?"

"आणि कटिंगवाल्यांचं?"

"त्यांचं काय! मागच्या अंगणात जातात. त्यांना कसलं कुलूप नि कसली किल्ली."

डॉक्टरबाईंची लेखणी थांबली होती. "कॉलरवालीला हे कुणी शिकवलं, आक्का?"

आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. डाव्या बाजूला कुणीतरी बसलं होतं. या वेळी तिनं मान वळवली. पायरी रिकामी होती.

"मीच," ती म्हणाली. आणि मग ती उठली ती कोठीकडे धावतच सुटली.

"आक्का, दिवस मावळायचाय अजून!" मुकादम आडवा आला. आक्कानं त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि कडी काढली. पोर कपड्यांच्या गठ्ठ्यावर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ भेगाळलेले.

भूत निघतंय का ते बघायला बुवा आज मुद्दाम आला होता; गलका ऐकून तो मालकाच्या खोलीतून धावत आला. "पाणी देऊ नका! अर्धी बाहेर आलीय ती! घोट गेला की परत आत शिरेल! पोर दगावली तर जबाबदार कोण?"

"मी," आक्काच्या मागोमाग आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी नळाचं पाणी मागवलं, चहाच्या खोलीतून मीठ-साखर आणवली, आणि पोरीला घोट घोट पाजायला लागल्या.

"अहो, ते साधं पाणी! माझं मंतरलेलं होतं. माझ्या पाण्यानं बायका उठल्यात, विचारा कुणालाही!"

"विचारायला कशाला हवं? मी डोळ्यांनी पाहिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातल्या सोमवारी तुमच्या तांब्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं, तपासून आणलं. इथल्याच नळाचं आहे. बायका उठतात, कारण चक्कर आलेलं माणूस आडवं झालं आणि पोटात पाणी गेलं की उठतंच. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या घाला. अंगात येणाऱ्या तुमच्या भुताला तहान लागते, बुवा, कारण या बायकांना लागलेली असते."

"मग ही का नाही उठली?"

"हिला पाण्याबरोबर औषधही हवंय. दिवसदिवस लघवी दाबून हिला जंतूंची लागण झालीय, ती मूत्रपिंडापर्यंत गेलीय. ताप, हुडहुडी, पाठीत कळ. संध्याकाळपर्यंत अशीच कोरडी ठेवली असती तर जिवावर बेततं. आत्ता दवाखान्यात न्यायचीय."

'लघवी' हा शब्द चारचौघांत ऐकून बायकांनी माना खाली घातल्या. मागून बटणवाली हळूच म्हणाली, "भूत नाही, तर मग कॉलरवाली कशानं गेली?"

मग आक्का बोलली, आणि सगळ्यांदेखत बोलली.

"यानंच. ती मला सांगत होती, आक्का, जळजळतंय, पाठ फुटतेय. मी म्हटलं, बाईच्या जातीला हे असतंच, बोभाटा करू नये. कुणाला कळलं तर काय म्हणतील! ती गप्प बसली. शहाणी पोर होती, सांगितलेलं ऐकायची." ती बायकांकडे वळली. "तुम्ही सगळ्या माझ्याकडूनच शिकलात. मी माझ्या आधीच्या बाईकडून शिकले. आजपासून ते विसरा. मुकादम, कुलूप काढून टाका. परत लावलंत तर साठ मशिनी बंद राहतील."

बुवानं तांब्या उचलला आणि तो मागच्या दारानं गेला. ते दार कालपासून भुतासाठी उघडंच होतं.

भाची सहा दिवस दवाखान्यात राहिली आणि वाचली. त्या उन्हाळ्यात खात्यात आणखी दोघी पडल्या, उकाड्यानं. कुणी त्यांना 'कोण तू' म्हणून विचारलं नाही. सावलीत निजवलं, पाणी दिलं. पुढच्या वर्षी बायकांसाठी जिन्याखाली दोन नवे संडास झाले. आतून कडी असलेले.

आक्का त्यानंतर नऊ वर्षं कामावर होती. नव्या पोरी तिच्या डाव्या हाताला बसायच्या. पण कॉलरवाली तिच्या मनातून गेली नाही ती नाहीच. ती काही दारं उघडून जाण्यातली नव्हती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं लोटली. पण अजूनही कुठं कुठं बाई पडते, लोक जमतात, आणि कुणीतरी बुवाला बोलवायला धावतो. तुमच्या घरात, तुमच्या कारखान्यात कुणी पडली, तर तिच्या अंगात कोण आलंय ते विचारू नका. ती पोटभर जेवली कधी ते विचारा. पाणी कधी प्यायली ते विचारा. दुखतंय हे तिनं आधी कुणाला सांगितलं होतं, आणि ऐकणारानं काय उत्तर दिलं, तेही विचारा. उत्तर देणारी बाई तुम्हीच निघालात, तर मान खाली घालू नका. उठा, आणि तिला दवाखान्यात न्या.