उद्या येऊन सांगते

टिक.

एवढाच आवाज. खोलीत दुसरा कुठलाच नव्हता म्हणून ऐकू आला. बाळ माझ्या मांडीवर एकदाचं झोपलं होतं, आणि झोपेतही त्याचा ओठ दूध ओढल्यासारखा हलत होता. ते बघायला मी वाचता वाचता ओळीच्या मध्येच थांबले होते. समोर खुर्चीत आजोबा नेहमीसारखे डोळे मिटून बसलेले. माझी मुलगी त्यांच्या पायाशी बटणांच्या डब्यात हात घालून बसली होती. मी थांबले तसं तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आजोबांच्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं आणि परत बटणांत बुडाली. आजोबांचा हात कानामागे गेला. टिक. मग बारीकशी शिट्टी, किटलीला फुटावी तशी. त्यांनी डोळे उघडले.

"आमेन," ते म्हणाले. "छान वाचलंस हो."

मी आमेन म्हटलंच नव्हतं. प्रभू आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेकडे निघाला होता, आणि मी त्याला वाटेतच उभं करून ठेवलं होतं.

आजोबा आमच्या नात्यातले नव्हेत. खालच्या मजल्यावर एकटे राहतात. आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं आणि रडून रडून घर डोक्यावर घ्यायचं. मी माफी मागायला खाली गेले, तर म्हणाले, "रडू दे गं. मशीन काढलं की मला सगळं जग झोपलेलंच." चाळीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात काढली. बॉयलरच्या पोटात शिरून बसायचं, आणि बाहेरून हातोडा पडला की आतून तापल्या खिळ्याला टेकू द्यायचा, हे काम. कान तिथंच गेले. आता कानामागे एक मशीन असतं, त्याला डाळीच्या दाण्याएवढी बॅटरी लागते. मला ते 'वरचा मजला' म्हणतात. पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "माझा वरचा मजला रिकामा आहे असं बायको म्हणायची. बरं झालं, तुम्ही राहायला आलात."

दर बुधवारी दुपारी मी खाली जायचे. भांडी घासायची, खिडकी पुसायची, मग बसून पवित्र शास्त्रातलं पानभर वाचायचं. जायला मला कोणी सांगितलं नव्हतं. एकटा माणूस आहे, असं वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंच वाटलं नाही. माझ्या हातून एक तरी माणूस प्रभूपर्यंत पोचावा, हेही वाटलं. पहिल्याच बुधवारी मी पुस्तक उघडलं, आजोबांनी कानामागे जरा खाजवलं आणि डोळे मिटले. संपेपर्यंत उघडले नाहीत. घरी येऊन मी नवऱ्याला ते दोनदा सांगितलं. आणि गेल्या रविवारी तर मी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभी राहून साक्ष दिली. म्हटलं, असं मन लावून ऐकणारा माणूस मी बघितला नाही. पाळकसाहेबांनी मान डोलावली. पाळकीणबाईंनी बाहेर माझा हात धरला: "तुझ्या हाताला यश आहे गं."

"आजोबा," मी म्हटलं, "मशीन आत्ता चालू केलंत?"

 ते पकडल्या गेलेल्या शाळकरी पोरासारखे हसले. "सापडलो."

"मी नाही सांगितलं!" मुलगी ओरडली. "आजोबा, देवाशप्पथ, मी काहीच नाही सांगितलं!"

"साहेब, शपथ घेऊ नये. आई रागावते," आजोबा म्हणाले. तिला ते साहेबच म्हणतात.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

पाच वर्षांच्या मुलीला गुपित फार वेळ पेलत नाही. "आमचं ठरलंय ना. तू वाचायला लागलीस की आजोबा कान बंद करतात. तू आमेन म्हटलंस की मी टकटक करायचं. मग मला एक बटण."

म्हणजे दर वेळी आमेननंतर पुस्तक मिटायच्या गडबडीत ती टिक बुडत होती. मला वाटायचं, बटणं म्हणजे आजोबांची माया.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," आजोबा म्हणाले.

 रविवारचे ते सगळे चेहरे डोळ्यांपुढून गेले. आधी लाज आली, आणि लाज झाकायला लगेच राग आला, तो तर मांजरासारखा पायातच घुटमळत असतो. "मी काय वाईट सांगत होते का, आजोबा? बळजबरी केली का कधी? नको तर नको म्हणायचं. सात महिने माझी मजा बघत बसलात."

"बघत कुठं? डोळे मिटून होतो."

मुलगी खुदकन हसली. मी हसले नाही, आणि मग आजोबांचंही हसू ओसरलं.

"तुला खरंच आठवत नाही, होय ना?" ते म्हणाले. "मला वाटायचं, आज आठवेल. पुढच्या बुधवारी आठवेल."

ते उठले. शेगडीजवळच्या खिळ्यावर एक हातमोजा टांगलेला असतो, हिरव्या लोकरीचा. एकच. त्यांनी तो काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि परत खुर्चीत बसले. मी त्याच्याकडे बघितलं. दर बुधवारी मी तोच हातात घालून गरम पातेलं उतरवत होते.

"बायकोचा आहे," आजोबा म्हणाले. "हातमोजे शिवायच्या कारखान्यात होती ना. ही बटणंही तिथलीच. सलाईन लावलेला हात गार पडायचा, म्हणून त्या एकाच हातात घालायची. नर्स चिडायची. म्हणायची, बाई, पार्टीला निघालात की काय?"

आणि मग मला आठवलं.

हळूहळू नाही, एकदम. वॉर्ड. खिडकीजवळची खाट. चादरीवर एक उघडा हात आणि एक हिरवा. बाळ पोटात होतं, सहावा महिना. आम्ही मंडळीतल्या चौघी-पाचजणी शनिवारी हॉस्पिटलात जायचो. प्रत्येकीला एक रांग. आत कसं जायचं, काय बोलायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं, आणि मी हुशार विद्यार्थिनी. माझं सगळं तोंडपाठ.

"तिथं स्टुलावर मी बसलो होतो," आजोबा म्हणाले. "तू म्हणालीस, काका, जरा सरकता का? मी उठलो. स्टूल पुसून दिलं तुला, पोटुशी बाई म्हणून. तू बसली नाहीस."

"आजोबा..."

"उभ्या उभ्याच विचारलंस तिला. आज डोळे मिटले, तर उद्या कुठं असाल, आजी?"

ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला आधी कळलंच नाही की ते माझं आहे. किती सफाईचं वाक्य. शनिवारी एका रांगेत मी ते किती जणांना विचारलं असेल. एखादी बाई रडायची, मग तिचा हात धरून प्रार्थना करायची. एखादी तोंड फिरवायची. या आजींनी काय केलं होतं? काही आठवेना. हिरवा हात तेवढा आठवत होता.

"घाबरत नव्हती ती तोवर," आजोबा म्हणाले. "डॉक्टरांनी सगळं सांगून झालं होतं. मला म्हणायची, शर्टांची बटणं लावून ठेवलीत, आता तुमचं तुम्ही बघा. तू विचारलंस आणि ती गप्पच झाली. मग म्हणाली, मला नाही माहीत बाळा, तूच सांग. तेवढ्यात घंटा झाली. भेटायची वेळ संपली."

आता पुढचं त्यांनी सांगू नये, असं मला वाटत होतं. कारण पुढचं मला आठवलं होतं.

"मी उद्या येऊन सांगते, म्हणाले मी," मी म्हटलं.

"हो."

"आणि आले नाही."

"नाही आलीस."

काय झालं होतं त्या रविवारी? काहीच नाही. पाय सुजले होते, कंटाळा आला होता, मुलीला सर्दी होती. विसरले. जगात माणसं विसरतात तशी विसरले. त्या बाईच्या उशाशी एवढा मोठा प्रश्न टाकून मी घरी येऊन पाय वर करून झोपले होते.

"दारावर कोणी आलं की मान वळवायची," आजोबा म्हणाले. "ती पोटुशी आली का बघा. रविवारी दिवसभर. सोमवारी दिवसभर. मला विचारायची, कुठं जाणार हो मी? मी बॉयलरमधला माणूस. मला काय ठाऊक?" त्यांनी बोट कानामागे नेलं. "तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हे बंद केलं. मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तिला कळलं होतं. बायकोला कळतंच. मग नाही विचारलं तिनं. मंगळवारी सकाळी गेली."

 माझे हात गार पडले होते. एवढ्या दुपारी, एवढ्या उन्हात.

"मग मला येऊ का देत होतात?" मी विचारलं. "पहिल्याच दिवशी ओळखलंत, तर दार का उघडलंत?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. "साहेब सोबत होते. आणि..." त्यांनी एक बटण तिच्या डब्यात टाकलं. "तू आलीस की त्रास व्हायचा. नाही आलीस की जास्त व्हायचा. काय करू?"

एवढं बोलून त्यांनी कानामागचं झाकण उघडलं. टिक. डोळे मिटले. आता कोणीच आत येऊ नये, असे.

मी उठले. बाळाला त्यांच्या पलंगावर आडवं केलं, पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. निघून जावं असं फार वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण निघून जाणं मला किती चांगलं येतं, ते आत्ताच कळलं होतं. मी त्यांच्या खुर्चीशी खाली फरशीवर बसले.

आणि बोलले. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणूनच बोलता आलं असेल. म्हटलं, मी चुकले. म्हटलं, मला तुमच्या बायकोचं नावसुद्धा माहीत नव्हतं, ते मी विचारलंच नव्हतं. बाळाच्या वेळी मला दीड दिवस कळा आल्या, मी मरणार असं वाटलं. त्या खोलीत मला एकही पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. पण कोणीतरी जवळ बसलेलं आहे, असं वाटत राहिलं. त्यानं मला काही विचारलं नाही. तो नुसता बसला होता. सात महिने मला एवढंच सांगायचं होतं, आणि मी हे सोडून बाकी सगळं वाचलं. आजचंही तसंच. मित्राच्या कबरेशी प्रभू आधी रडला, असं लिहिलंय. मी नेहमी ती ओळ घाईनं वाचते, कारण पुढे मेलेल्याला उठवायचा चमत्कार आहे ना.

माझं बोलणं संपलं असं वाटून मुलीनं सवयीनं आजोबांच्या गुडघ्यावर टकटक केलं.

टिक. शिट्टी. त्यांनी खाली बघितलं. मी खुर्चीशी बसलेली, नाक लाल झालेलं.

"काय म्हणालीस?"

सगळं पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. उरलं तेवढं सांगितलं. "आजोबा, मी प्रश्न टाकून निघून गेले. पण ज्याच्याबद्दल सांगायला आले होते, तो माझ्यासारखा नाही. तो घाबरलेल्या माणसाला सोडून जात नाही. आजींना सोडून गेला नसणार. मी गेले. तो नाही."

 आजोबांचा हात खुर्चीच्या दांडीवरच होता, कानामागे गेला नाही.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. रागानं नाही. खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं, तसं.

"स्टुलावर बसले असते तर सांगितलं असतं."

त्यांनी मान हलवली. खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड हात, खिळे धरून धरून बोटांची पेरं फुगलेली, आणि लगेच काढून घेतला. "हळू बोललीस," ते पुटपुटले. "पण ऐकू आलं."

मुलगी आता हिरवा हातमोजा घालून बसली होती. कोपरापर्यंत पोचला होता तिला. तिनं तो गालाला लावून बघितला, वास घेतला, आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसांचं बोलणं ती ऐकत नसते असं आपल्याला वाटतं.

आजोबांनी मशीन बोटानं कानात नीट दाबून बसवलं आणि पुढे वाकले.

"आई," ती म्हणाली, "मग ती आजी कुठं गेली? तू उद्या येऊन सांगणार होतीस ना?"