गलोंड्याची संध्याकाळची मोजणी

मी एक जुना मोजणीसंच आहे, मित्रांनो. सिल्वासाच्या एका कचेरीत खालच्या कपाटात पडून असतो.

हवेतली रेडिओलहरींची पट्टी म्हणजे कीर्तनाचा मंडप. तो वाढत नाही. मांडीला मांडी लावून माणसं बसवावी लागतात. मोबाइलचा टॉवर आपल्या पट्टीत किती जणांचं बोलणं नीट बसवतो, हे मोजणं माझं काम. मंडपाची उपमा मात्र बायडाबाईंची, त्या पुढे भेटतीलच.

मोबाइल कंपनीतल्या इंजिनिअर, नाशिकच्या नीलिमाताई, मला जीपमधून हिंडवत. सायली, वासोणा, गलोंडा, सगळीकडे माझे आकडे उत्तम! साहेब खूश, मीही फुशारलेला. एकदा गलोंड्यात जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या बायडाबाईंनी जीप अडवली.

"ताई, तुमचं हे डबडं खोटं बोलतं."

"मावशी, बघा तरी, किती छान आकडा आलाय!"

"येईल नाही तर काय! समद्यांचे मोबाइल आत्ता कारखान्यांच्या गेटवर बंद करून जमा आहेत. रिकाम्या मंडपात कोणीबी ऐसपैस बसतं. छुट्टीनंतर या. आज एकादशी आहे, माझा बाप कीर्तनाला उभा राहील."

धुळ्याकडच्या गावी त्यांचे वडील भिकाबुवा दर एकादशीला कीर्तन करत. वय ऐंशी. आता दोनच एकादश्या, मग बसणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. बायडाबाईंना रजा मिळेना, म्हणून भाऊ बुवांपुढे फोन धरायचा.

संध्याकाळी आम्ही गेलो. कारखाने सुटले, शेकडो मोबाइल एकदम सुरू झाले. बायडाबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. एका हाताने फोन कानाशी, दुसऱ्याने गुडघ्यावर ताल. मध्येच आवाज तुटे आणि तो हात हवेतच थांबे.

"हॅलो... बाबा... हॅलो!"

माझा आकडा धाडकन खाली आला. सायलीचा आणि गलोंड्याचा टॉवर एकाच पट्टीवर एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते. दुपारी ते कुणाला कळणार? नीलिमाताईंनी तो लाजिरवाणा आकडा जसाच्या तसा वर पाठवला, पंधरा दिवस पाठपुरावा केला आणि सायलीचा अँटेना खाली झुकवून घेतला, म्हणजे त्याचं बोलणं गलोंड्यापर्यंत येणार नाही.

शेवटच्या एकादशीला आम्ही पुन्हा त्याच वेळी गेलो. मी जीव मुठीत धरून मोजत होतो. बायडाबाईंचा हात गुडघ्यावर पडत राहिला. एकदाही थांबला नाही.

"बाबा," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "समदं ऐकू आलं. आरतीपर्यंत."

पुढे नवा संच आला आणि मी कपाटात गेलो. ते कीर्तन मी ऐकलंच नाही, मित्रांनो. फोन त्यांच्या कानाशी होता, माझ्या वाट्याला नुसता आकडा. एकादशीला कचेरीत कुणी उदबत्ती लावली की तो हात आठवतो आणि जीव तिकडे ओढ घेतो.

माझी बॅटरी फुगली आहे, तेवढी काढून ठेवा. आणि माझ्या धाकट्या भावंडाला गलोंड्याला न्याल, तेव्हा माणसं कामावरून सुटल्यावर न्या. कट्ट्यावर कुणी ताल धरून बसलं असेल. त्याचा हात मध्येच थांबत नाही ना, एवढं बघून या.