मुकादमाची खुर्ची

थेरपिस्ट बाईंनी रिकामी खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

"बोला. आज मुकादमाला काय सांगायचंय?"

मुकादम म्हणजे त्याला ऐकू येणारा आवाज. बारा वर्षं त्याने बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली. तिथल्या मुकादमाने कामावरून काढलं आणि पाठोपाठ हा आवाज सुरू झाला, म्हणून हे नाव. औषधांनी आवाज बारीक झाला होता, गेला नव्हता. त्याच्याशी भांडायचं नाही, मायेने बोलायचं, हे बाई शिकवत होत्या. तीन महिन्यांनी जमायला लागलं होतं. गेल्या आठवड्यात त्याने घरी एक फाटकी वही शिवलीसुद्धा.

"मला कळतं, तुम्हाला भीती वाटते," तो खुर्चीला म्हणाला. "मी चुकलो की…"

दार न वाजवता वडील आत आले. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं, पण अर्ध्या तासाने. वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि हे उपचार चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा आज सोक्षमोक्ष लावायचा होता. ते सरळ रिकाम्या खुर्चीत बसले.

"बाबा, तिथं नका बसू."

"का? कुणी बसलंय?" स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले. मग बाईंकडे वळले. "तीन महिने झाले. काय दिवे लावले यानं? एक वही शिवली!" आणि मुलाला म्हणाले, "तुझ्यापेक्षा दगड बरा. पायरीला तरी लागला असता."

बाईंचं पेन थांबलं. हे वाक्य त्यांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं, शब्दाला शब्द, मुकादमाचं म्हणून. ते मुळात कुणाचं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं या कामात घालवून त्या एका नावावर विसंबल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मुलाने शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडला.

"बाबा, मला कळतं, तुम्हाला भीती वाटते. तुमच्यामागं माझं कसं होईल याची. मी तुमच्यावर रागावलेलो नाही."

वडिलांचे ओठ हलले. क्षणभर ते फार म्हातारे दिसले. मग ताडकन उठले.

"मला शहाणपण शिकवतोस? हेच शिकवतात का इथं? बास झालं. चल घरी. परत यायचं नाही."

त्याने निमूटपणे पिशवी उचलली.

"एक मिनिट," बाई घाईने म्हणाल्या. "मुकादम आत्ता काय म्हणतोय?"

तो थांबला. नीट ऐकून म्हणाला, "गप्प आहे. बाबा बोलत असले की त्याला बोलावं लागत नाही."

"कोण मुकादम?" वडिलांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा," तो म्हणाला आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.